चार दिवसांचे लंडन
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या कार्यवाहांनी आम्हांस परदेशप्रवासावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, उभा जन्म तालुक्याच्या गावी मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यात गेलेला, आणि परदेश म्हणाल तर तो एकदाच पाहिलेला. परंतु आज आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांतून मुलेमुली परदेशी आहेत, त्यांच्याकडे आईवडील जातात, आणि मुलांना रजा नसल्यामुळे एखादे मोठे शहर दोघांनाच पाहावे लागते. अशांना आमच्या फजितीचा उपयोग होईल, असे कार्यवाहांचे म्हणणे पडले. फजिती हा त्यांचाच शब्द; तो आम्ही मान्य करतो.

2024 च्या सप्टेंबर महिन्यात आम्ही उभयता इंग्लंडात लीड्स येथे कन्येकडे होतो. तिला व जावयांना सवड नव्हती. तेव्हा आम्ही दोघांनीच आगगाडीने लंडनला जावे, चार दिवस राहावे व परत यावे, असे ठरले. लीड्सहून लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकापर्यंतचा प्रवास सव्वादोन तासांच्या आसपासचा आहे. मुक्कामही त्याच स्थानकाजवळ ठेवला. हे मात्र आम्ही शहाणपणाने केले, असे आजही वाटते. परक्या शहरात सामान घेऊन हिंडणे कोणासही नको असते; शिवाय तेथून युस्टनजवळची ड्रमंड स्ट्रीट पायी जाण्याजोगी आहे, आणि त्या रस्त्यावर आपल्याकडील शाकाहारी जेवण मिळते. सौ.ची निम्मी काळजी तेथेच मिटली.

व्हिसासंबंधी थोडक्यात सांगतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. बोटांचे ठसे देण्यास जातीने जावे लागते. निर्णयास साधारणपणे तीन आठवडे धरावेत. अर्जात लिहिलेले आणि कागदपत्रांत दिसणारे यांत मेळ असावा. एवढे पाळले की त्या बाबतीत फार डोकेफोड करण्याचे कारण नाही.

आता वहीकडे येऊ. जून महिन्यापासून आम्ही एका दोनशेपानी वहीत लंडनचा अभ्यास मांडला होता. पाहण्याजोगी सव्वीस ठिकाणे काढली. चार दिवसांचे रकाने आखले आणि जन्माची सवय म्हणून शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे तास पाडले. ब्रिटिश म्युझियम, एक तास; म्हणजे शाळेचा तास, चाळीस मिनिटांचा! 1753 साली स्थापन झालेले आणि 1759 पासून लोकांस खुले असलेले ते प्रचंड संग्रहालय आम्ही चाळीस मिनिटांत उरकणार होतो. मधली सुट्टीदेखील वहीत होती. ती कोठे घ्यावयाची, बसावयास बाक आहे की नाही, याचा विचार नव्हता.

पहिला दिवस बरा गेला. किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर पाहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना 1921-22 साली तेथे राहत असत. 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. तो रस्ता इतका शांत आहे की इतक्या गजबजलेल्या शहरात आपण आहोत हे खरे वाटत नाही. दुपारी ब्रिटिश म्युझियममध्ये आमच्या आंध्रातील अमरावतीची शिल्पे पाहिली. सौ. तेथे बसली ती उठेना. आम्ही घड्याळ दाखविले. ती निमूटपणे उठली. तिचे ते निमूटपणे उठणे तेव्हाच आमच्या ध्यानात यावयास हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिण केन्सिंग्टन भागात गेलो. तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे आमच्या यादीत होती. पण ती त्याच वर्षी जुलैपासून साताऱ्याच्या संग्रहालयात पाहुणी आलेली होती. वाघनखे साताऱ्यात आणि आम्ही लंडनात! एवढ्या अभ्यासात ही बातमी मात्र आमच्या नजरेतून सुटली.

तेथून भुयारी रेल्वेने कोव्हेंट गार्डन स्थानकावर उतरलो. वर जाण्याच्या लिफ्टपुढे मोठी गर्दी होती आणि वेळापत्रकाप्रमाणे आम्हांस बारा मिनिटे उशीर झाला होता. बाजूला गोल जिना होता. त्याच्या पायथ्याशी स्पष्ट पाटी आहे की या जिन्याला 193 पायऱ्या असून ही चढण पंधरा मजल्यांची आहे. आम्ही ती पाटी वाचली. मोठ्याने वाचून सौ.ला तिचा अर्थही सांगितला, आणि तरीही चढू लागलो. सौ.च्या गुडघ्याचे दुखणे घरच्या सर्वांस ठाऊक आहे. अर्ध्यावर ती पायरीवर बसली. चेहरा पांढराफटक पडला होता. बाजूने तरुण मुले धापा टाकीत, हसत वर जात होती. एका मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. पाच-सात मिनिटांनी सौ.ने विचारले, "अहो, त्या वहीत सव्वीस ठिकाणं आहेत ना? त्यांतलं माझं कोणतं?"

सभ्य स्त्रीपुरुषहो, सदतीस वर्षे आम्ही वर्गात प्रश्न विचारीत आलो. त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उरलेल्या पायऱ्या आम्ही दर दहा पायऱ्यांवर थांबत चढलो आणि बसने मुक्कामी परतलो. संध्याकाळी सौ. बोलली. तिचे वडील रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या गावचे. बोटीवर खलाशी होते, हे लग्नापासून आम्हांस ठाऊक होते. याहून अधिक आम्ही कधी विचारलेच नव्हते. त्यांची बोट लंडनला रॉयल आल्बर्ट गोदीत लागे. एका खेपेस त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. त्यावर टॉवर ब्रिजचे चित्र होते, मधोमध दुभंगून वर उचललेल्या पुलाचे. सौ.ची आई त्यात शिवणाचे सामान ठेवी. वडील सांगत, "मिटलेला पूल कोणीही बघेल, उघडताना बघायला नशीब लागतं." सौ. अकरा वर्षांची असताना ते वारले. आमच्या वहीत तो पूल होता. चौथ्या दिवशी, बसमधून जाता जाता, दहा मिनिटे.

येथे थोडा उपयोगाचा भाग सांगतो. तो पूल 1894 साली वाहतुकीस खुला झाला. पूर्वी तो वाफेच्या बळावर उचलला जाई. 1976 पासून तेल व वीज यांवर चालतो. वर्षाकाठी तो सुमारे आठशे वेळा उघडतो. ज्या जहाजाची उंची तीस फूट वा अधिक आहे, त्याने चोवीस तास आधी कळविले की पूल विनामूल्य उचलून देतात, आणि तोवर रस्त्यावरील साऱ्या मोटारी थांबतात. मुख्य गोष्ट ही की पूल कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या जहाजासाठी उघडणार, हे पुलाच्या संकेतस्थळावर आगाऊ प्रसिद्ध होते. म्हणजे नशीब नव्हे, वेळापत्रक! आणि वेळापत्रकांचा एवढा सोस असणाऱ्या आम्हांस तेवढे एकच ठाऊक नव्हते. कन्येने लीड्सहून फोनवर पाहून सांगितले की उद्या दुपारी सव्वाचारला आहे.

त्या रात्री आम्ही वहीचे दोन दिवस खोडले. लंडनच्या भुयारी रेल्वेची 272 स्थानके आहेत. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश स्थानकांतच पायरी न चढता रस्त्यापासून फलाटापर्यंत जाता येते. तशा स्थानकांचा निराळा नकाशा मिळतो. गुडघेदुखीच्या मंडळींनी तो आधी घ्यावा. बस याहून सोयीची. तिच्यात 2014 पासून रोख पैसे चालत नाहीत. कार्ड टेकवावे लागते. दिवसभर तेच कार्ड टेकविले तर ठराविक रकमेनंतर आणखी आकार पडत नाही. मात्र दोघांची कार्डे निरनिराळी हवीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी उशिरा निघालो. पुलाजवळच्या टॉवर गेटवे स्थानकातून एक छोटी आगगाडी सुटते. तिला चालक नसतो. सौ. अगदी पुढच्या खिडकीशी बसली. रॉयल आल्बर्ट स्थानकावर उतरलो. 1880 साली खुली झालेली ती गोदी 1981 साली मालवाहतुकीस बंद झाली. पाणी मात्र तसेच आहे, लांबच लांब आणि निश्चल. पलीकडच्या काठावर 1987 पासून विमानतळ आहे. बोट कोठे लागत असेल, हे सांगणारे तेथे काहीही नव्हते. सौ.ने विचारले, "इथंच ना?" आम्ही होय म्हटले. समोरून एक विमान उठले. ती पाण्याकडेच पाहत होती.

चार वाजता पुलाच्या काठाशी येऊन उभे राहिलो. घंटा झाली, दिवे लागले, फाटके मिटली. दोन्ही बाजूंना लाल बसगाड्या थांबल्या. मग रस्ताच मधोमध फाटून वर उठू लागला. प्रत्येक पाखे हजार टनांहून अधिक वजनाचे, पण आवाज जवळजवळ नाही. खालून एक जुने शिडाचे गलबत आले. तांबूस शिडे गुंडाळलेली, वर एक लहानसे निशाण. एवढ्याशा गलबतासाठी लंडन शहर थांबले होते. सौ.ने पदराचे टोक तोंडाशी धरले होते. पाखी पुन्हा खाली येऊन मिटेपर्यंत ती हलली नाही. नंतर म्हणाली, "चहा मिळेल का कुठं?"

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा अमरावतीच्या शिल्पांपुढे जाऊन बसलो. सौ. म्हणेल तोवर. दुपारच्या गाडीने लीड्सला परतलो. सव्वीसांपैकी एकोणीस ठिकाणे राहिली.

ज्ञातिबांधवांपैकी कोणी लंडनला जाणार असल्यास ती वही आमच्या घरून खुशाल घेऊन जावी. स्थानके, भाडी, संग्रहालयांच्या वेळा, सारे तीत आहे. तिसऱ्या दिवसाचे पान मात्र मिळणार नाही. ते सौ.ने कापून घेतले असून, माहेरी भावाकडे असलेला तो डबा आता आमच्याकडे आला आहे, त्यात ठेविले आहे.