अपघात पुण्यात, दावा सोलापुरात

(अक्कलकोटजवळच्या मैंदर्गी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आपल्या सीमाभागातली किती पोरं आज पोटासाठी बाहेर आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको. कुणी पुण्याला कंपनीत, कुणी हैदराबादला बांधकामावर, कुणी मालट्रकवर ड्रायव्हर नाहीतर क्लीनर. अपघात तिकडं होतो आणि फोन इकडं येतो. रातोरात गाडी ठरवून चार माणसं निघतात आणि पहाटे एका अनोळखी शहरातल्या दवाखान्याच्या दारात उभी राहतात. त्या पहाटेपासून पुढच्या सहा महिन्यांत काय करायचं, एवढ्यावरच आज मी बोलणार आहे.

पुण्याचा नवले पूल तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलेला आहे. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून तिथवर लांबलचक उतार आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथं एका मालट्रकनं कितीतरी वाहनांना ठोकरलं. इंधन वाचवायला चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढं आलं. इंजिन बंद झालं की ब्रेकसाठी हवा भरायची थांबते आणि भरलेली गाडी चालकाच्या हातात राहत नाही. 13 नोव्हेंबर 2025 रोजी त्याच परिसरात पुन्हा कंटेनर वाहनांवर गेला, आग लागली, माणसं गेली. अशा अपघातात गेलेल्या माणसाचं गाव शेकडो किलोमीटर दूर असू शकतं.

आता दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊ. तिथं एक गोड बोलणारा माणूस भेटतो. चहा पाजतो, पोस्टमॉर्टेम लवकर करून देतो म्हणतो. मग हळूच सांगतो, "आमचे साहेब मोठे वकील आहेत, आत्ता एक रुपया देऊ नका, क्लेम पास झाला की वीस टक्के द्या." आणि वकीलपत्र पुढं करतो, कधी त्याच्याबरोबर दोन कोरे कागदही. माझी हात जोडून विनंती आहे, तिथं सही करू नका. त्या घडीला माणूस शुद्धीवर नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच तो तिथं येतो.

मोबाईलवर शोधलं तर "जिंकलो तरच फी" अशा जाहिराती दिसतील. त्या बहुतेक अमेरिकेतल्या असतात. तिकडं अशी फी कायद्यात बसते. आपल्याकडं बसत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला दलालामार्फत काम मिळवता येत नाही आणि निकालावर अवलंबून असलेली, मिळालेल्या रकमेतला वाटा म्हणून ठरवलेली फी घेता येत नाही. हैदराबादकडच्या एका विधवेचं प्रकरण याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिचा नवरा 1998 साली अपघातात गेला होता. भरपाईनंतर वकिलाला तिनं दहा लाख रुपये दिले, तरी आणखी तीन लाखांचा चेक तिच्याकडून लिहून घेतला गेला. खात्यात पैसे नव्हते. चेक वटला नाही तेव्हा खटला तिच्यावरच दाखल झाला. 5 डिसेंबर 2017 रोजी न्यायालयानं तो खटला रद्द केला आणि भरपाईच्या टक्केवारीत फी मागणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं स्पष्ट सांगितलं. वकिलानं फी घेऊ नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः वकील आहे. कामाची फी आधी ठरवावी, आकड्यात ठरवावी आणि पावती घ्यावी.

वीस टक्के म्हणजे किती, तेही पाहा. चौतीस वर्षांचा माणूस, महिन्याला 15,000 रुपये कमावणारा, पक्की नोकरी नाही. मागं बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे 1,80,000. चाळिशीच्या आतला म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे, झाले 2,52,000. चार अवलंबित असल्यानं त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले 1,89,000. या वयाला गुणक 16, त्यानं ही रक्कम गुणायची. भरपाई 30,24,000 रुपये, शिवाय अंत्यसंस्कार, सहवासाची हानी वगैरेंच्या ठरलेल्या रकमा वेगळ्या. हे गणित सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालांनी घालून दिलेलं आहे. कोणत्याही वकिलाला विचारा, तो कागदावर मांडून दाखवील. आणि व्हरांड्यातला तो गृहस्थ यातले सहा लाख मागत होता.

वय दोन वर्षांनी जास्त लागलं, म्हणजे छत्तीस धरलं, की गुणक 15 होतो आणि 1,89,000 रुपये एका फटक्यात जातात. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला घरात शोधून ठेवा. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका दाव्यात आधार कार्डावरची जन्मतारीख बाजूला ठेवून शाळेचा दाखला मानला आणि त्या कुटुंबाचा गुणक 13 चा 14 झाला. आपल्याकडं आधारवर अंदाजानं 1 जानेवारी किंवा 1 जून टाकलेली माणसं घरोघरी आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी लोकांना माहीतच नसते. अपघात पुण्यात झाला म्हणून दावा पुण्यातच लावायला हवा, असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे दावा करणारा जिथं राहतो, तिथल्या मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडंही अर्ज करता येतो. मैंदर्गीच्या माणसासाठी ते सोलापूर. अपघात कलबुर्गीला होवो की हैदराबादला, तारखेसाठी बाईमाणसाला तान्हं मूल घेऊन परक्या शहरात जावं लागत नाही. तिकडचे कागद कन्नड किंवा तेलुगूत असतील तर भाषांतर करून जोडावं लागेल, एवढंच. कन्नडाचं तर आपल्याला नवल नाही.

मुदत मात्र सांभाळा. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा, अशी तरतूद लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. तेरावं, वर्षश्राद्ध, मग बघू, असं म्हणता म्हणता सहा महिने निघून जातात.

कागद जमवायला घाबरू नका. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पीएम रिपोर्ट, जखमी असेल तर डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या आणि पुढं अपंगत्वाचा दाखला. नवीन नियमांप्रमाणे पोलिसांनीच 48 तासांत पहिला अहवाल प्राधिकरणाला द्यायचा असतो आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल. ठाण्यात जाऊन त्याची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. ट्रकच्या नंबरवरून विमा कोणत्या कंपनीचा, हे परिवहन खात्याच्या ॲपवर कळतं. ट्रक पळून गेला, नंबरच मिळाला नाही, तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळण्याची योजना आहे. तो अर्ज अपघात झाला तिथल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात जातो. ड्रायव्हर फौजदारी खटल्यातून सुटला म्हणून दावा बुडत नाही, कारण इथं पुराव्याची कसोटी फौजदारीइतकी कडक नाही.

आणि वकील? 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांनाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असावं लागतं. अपघातात गेलेल्या माणसाची विधवा या यादीत पहिल्याच ओळीत आहे. अक्कलकोटच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, सोलापूरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन करायचा तर 15100. साध्या कागदावर अर्ज चालतो. फुकटचा वकील मन लावून काम करत नाही, असं लोक बोलतात. काही वेळा ते खरंही असतं. पण वकील बदलून मागण्याचा अर्ज तिथंच देता येतो, आणि तो द्यावा.

ट्रकवर काम करणाऱ्यांसाठी एक शब्द. ड्रायव्हर किंवा क्लीनर कामावर असताना गेला, तर चूक कुणाची हे न पाहता 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली मालकाकडं दावा लावता येतो. हा रस्ता किंवा मोटार अपघात दावा प्राधिकरणाचा रस्ता, दोन्हींतला एकच निवडायचा असतो. कोणता फायद्याचा, हे वय, पगार आणि चूक पाहून ठरतं. सही करण्याआधी वकिलाला नेमका हाच प्रश्न विचारा.

शेवटचा मुद्दा गाणगापूरला जाणाऱ्यांसाठी. दर्शनाला, लग्नाला आपण मालवाहू टेम्पोत पंचवीस-तीस माणसं भरून जातो. मालाच्या गाडीत असं बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी त्या गाडीच्या विमा कंपनीवर येत नाही. माल घेऊन निघालेला मालाचा धनी किंवा त्याचा माणूस तेवढा वेगळा. टेम्पो आपल्याच चुकीनं उलटला, तर भरपाई टेम्पोमालकाकडून वसूल करत बसावं लागतं, आणि त्याच्या नावावर बहुधा तो टेम्पोच असतो, तोही फायनान्सचा. समोरच्या ट्रकनं चुकीनं धडक दिली असेल, तर गोष्ट निराळी. मग टेम्पोतल्या प्रत्येकाचा दावा त्या ट्रकच्या विमा कंपनीवर चालतो. तेव्हा त्या ट्रकचा नंबर जो जागेवर असेल त्यानं आधी लिहून घ्यावा.

ज्यांच्या घरी असा दावा चालू आहे किंवा लावायचा राहिला आहे, त्यांनी प्रश्नोत्तरांनंतर थांबावं. कागद सोबत असतील तर बसून पाहू.