गिरसप्पाचें छायाचित्र

कानडी मुलखांत ज्याला जोग म्हणतात, तोच आपल्या जुन्या प्रवासवर्णनांतला गिरसप्पाचा धबधबा. शरावती नदी येथें सुमारें २५३ मीटर, म्हणजे ८३० फूट, खालीं उडी घेते. हवेचा अडथळा नसता, तर माथ्यावरचा थेंब तळाशीं पोहोंचावयास सात सेकंद लागले असते!

पुण्याच्या एका गृहस्थांच्या भिंतीवर ह्या धबधब्याचें आजोबांनीं काढलेलें छायाचित्र आहे. पाठीमागें शाईनें 'डिसेंबर १९३८' असें लिहिलेलें. त्या काळीं उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यांत होता आणि पलीकडच्या तीरावर म्हैसूर संस्थान. मुंबईच्या बाजूचा प्रवासी माथ्यावरच्या कातळावर पालथा पडून दरींत डोकावे. चारही धारा एकत्र पाहावयाच्या, तर पैलतीर गांठावें लागे. आजोबांनीं तें गांठलें होतें. त्याच बाजूनें तसेंच चित्र घ्यावें, असें नातवानें ठरविलें.

चार धारांचे चार स्वभाव. राजा अखंड स्तंभासारखा सरळ कोसळतो. शेजारचा रोअरर खडकांवर आदळत, गर्जत त्याच्याकडे धांवतो. रॉकेट ठिकठिकाणीं उसळून बाणासारखा सुटतो, आणि राणी कड्याला बिलगून फेसाचा पदर सोडीत उतरते.

पहिल्या खेपेस नातू एप्रिलांत गेला, कारण सुट्टी तेव्हांच होती. समोर काळाभोर कातळ आणि त्यावर बारीक पांढऱ्या रेघा! हा केवळ उन्हाळ्याचा दोष नव्हे. १९४८ सालीं येथें जलविद्युत्-केंद्र सुरू झालें. पुढें १९६४ सालीं वरच्या अंगास लिंगनमक्कीचें धरण पुरें झालें आणि नदीचें बहुतेक पाणी विजेकडे वळलें. त्या विजेनें पुष्कळ घरें उजळलीं, हें खरें. त्या पाण्याखालीं गांवें बुडालीं आणि तेथल्या कुटुंबांना दुसरीकडे चूल मांडावी लागली, हेंही तितकेंच खरें.

दुसरी खेप ऑगस्टांत. आतां पाणी होतें, पण दरी धुक्यानें कांठोकांठ भरलेली. नुसता आवाज ऐकूं येई. नातवानें तिपाई रोंवली, भिंगावर छत्री धरली. दर दोन मिनिटांनीं तुषार पुसावे, तों पुन्हां कांच ओली! शटर सेकंदभर उघडें ठेवावें, तर धार पिंजलेल्या कापसासारखी दिसते. सेकंदाच्या पांचशेंव्या भागांत मिटावें, तर पाणी गोठल्यासारखें होतें. राजाच्या बाबतींत दोन्हीं खोटींच. शिवाय जवळ माणूस किंवा झाड नसेल, तर एवढा प्रचंड कडा चित्रांत परसांतल्या भिंतीएवढा भासतो.

तीन तासांनीं पडदा विरळ झाला. राजा दिसला, रोअरर, रॉकेट दिसले, राणी झांकलेलीच. एवढ्यांत जें साधलें तें साधलें.

डिसेंबरांत आकाश निवळलेलें आणि नदीही भरलेली, हा योग आजोबांना सहज मिळाला होता. आतां धुकें ओसरेपर्यंत बहुधा पाणीही ओसरतें. धरण भरून दरवाजे उघडले, तरच कांहीं दिवस जुनें रूप दिसतें. नातवानें आपलें चित्र जुन्याच्या खालीं लाविलें आहे. राणीच्या जागीं पांढरें धुकें आहे, आणि मागें तारीख घातली आहे.