दुरून ऐकताना



बडोद्यात मराठी माणसांनी एकत्र बसून विचार करण्याची परंपरा जुनी आहे. साहित्य संमेलन इथे १९०९ साली भरलं, मग १९२१ला, १९३४ला आणि अलीकडे २०१८ला. आपलं गोत्रीतलं आजचं समुपदेशकांचं संमेलन त्या मानाने अगदी लहान, शे-सव्वाशे माणसांचं. पण ज्या कामासाठी आपण जमलो आहोत ते लहान नाही. मोबाइलच्या पडद्यावर समोर बसलेल्या माणसाचं दुःख ऐकायचं आणि त्याला त्यातून वाट काढायला मदत करायची, हे काम आपल्यापैकी बहुतेकजण आता रोज करतात. त्याबद्दल मला आज एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे: आपण दूर बसतो म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही. उलट ती वाढते.

आधी या भागाबद्दल. रावपुरा, दांडिया बाजार इथल्या वाड्यांमधली कितीतरी मराठी घरं गेल्या काही दशकांत गोत्री, सेवासी, वासणा रोडच्या फ्लॅटमध्ये आली. ही घरं माझ्या ओळखीची आहेत. मुलगी शिकायला टोरँटोला जाते, त्याच वर्षी वडील निवृत्त होतात, सासूबाईंचं दुखणं वाढतं आणि घरातली बाई रात्रभर टक्क जागी राहते. विचारलं तर म्हणते, ‘सगळं छान चाललंय, फक्त झोप लागत नाही.’ आयुष्यातले बदल असे एकावर एक येतात आणि त्यातले बरेचसे चांगलेच असल्यामुळे रडायची सोय राहत नाही. मुलीला व्हिसा मिळाला म्हणून पेढे वाटले, आता तिच्या रिकाम्या खोलीत जाववत नाही हे सांगायचं कुणाला? शेजारणीला सांगावं तर सोसायटीभर होईल. अशी बाई रिक्षा करून मानसोपचाराच्या दवाखान्यात जात नाही. पण फोन उचलते. ऑनलाइन समुपदेशनाचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसतो, आणि तो मी मनापासून मानते.

दुरून मन सावरण्याचं काम इंटरनेटने सुरू केलं, असं मात्र समजू नका. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. जे प्रश्न वाचकांना घरात तोंडावाटे काढता येत नव्हते, ते त्यांनी पत्रातून विचारले आणि कर्व्यांनी सरळ उत्तरं दिली. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तो खटला ते हरले, दंड झाला, तरी मासिक बंद पडलं नाही. दुसरं उदाहरण कि. मो. फडके यांचं. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली. फडक्यांनी मुंबईत बसून त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, ती विद्या आत्मसात केली आणि महाराष्ट्रात रुजवली. अंतरामुळे ना विश्वास अडला, ना विद्या. नैराश्य आणि चिंता यांवरचे उपचार व्हिडिओवरूनही चांगला गुण देतात, हे संशोधनातूनही पुढे आलं आहे. तेव्हा ‘समोर बसल्याशिवाय थेरपी होतच नाही’ हा वाद मला आता उकरायचा नाही.

मला काळजी वाटते ती खोलीची.

दवाखान्यात दार लावण्याचं काम आपलं असतं. ऑनलाइन कामात ते दार समोरच्या माणसाच्या घरी असतं आणि दोन बेडरूमच्या घरात ते लावलं की बाहेरून हाक येते, ‘काय गं, बरं नाही का?’ माझ्याकडे येणाऱ्या एक बाई (त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते) तळमजल्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलत. काचा बंद, फोन स्टिअरिंगला टेकवलेला, उन्हाळ्यात कपाळावर घाम. मधूनच त्या एकदम हसऱ्या आवाजात म्हणत, ‘हो ताई, रेसिपी पाठवते.’ कुणी गाडीजवळ आलं असेल तर हे वाक्य म्हणायचं, असं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. ते ऐकलं की मी विषय बदलायचे आणि खरोखर ढोकळ्याबद्दल बोलायचे. घरात ज्याची भीती वाटते तोच माणूस दाराशी कान लावून उभा असू शकतो. म्हणून असं वाक्य ठरवून घेणं हा पहिल्या भेटीचा भाग असायलाच हवा. हेडफोन आहे का, फोनला लॉक आहे का, तो लॉक आणखी कुणाला ठाऊक आहे, हेही विचारायला हवं. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे असं २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. पार्किंगमधल्या त्या गाडीत तो हक्क कसा पोचवायचा, हे आपण शोधायचं आहे.

दुसरी गोष्ट पत्त्याची. प्रत्येक वेळी बोलणं सुरू होताना ‘आत्ता तुम्ही कुठे आहात?’ हे विचारा. दर वेळी विचारा. माणूस मनाने कोसळला आणि पडदा अचानक काळा झाला, तर आपण कुणाला कुठे पाठवणार? गोत्रीत असेल तर इथलं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय जवळ आहे, १०८ची गाडी येते. पण बोलणारा माणूस टोरँटोत असेल आणि आपल्या सकाळी सातला, म्हणजे त्याच्या रात्री, आपल्याशी बोलत असेल, तर १०८ त्याच्या काय कामाचा? तिथे ९८८ हा संकटकाळी मदतीचा क्रमांक आहे, अमेरिकेत २०२२पासून आणि कॅनडात २०२३पासून. शिवाय अमेरिकेत परवाना राज्यागणिक लागतो. माणूस मराठी बोलतो म्हणून आपण कुठल्याही राज्यात त्याचे थेरपिस्ट होत नाही. आपल्या देशात १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, अनेक भारतीय भाषांत. आपल्या प्रत्येक क्लायंटच्या फोनमध्ये तो जपून ठेवलेला असावा. आणि जवळच्या एका माणसाचं नाव-नंबर, क्लायंटच्या संमतीने, आपल्या वहीत असावं.

भाषेबद्दल थोडं बोलते, कारण बडोद्याच्या माणसाला ते पटकन समजेल. आपल्याकडे माणूस पैशाचा हिशेब गुजरातीत सांगतो, ऑफिसमधला अपमान हिंदीत आणि आई गेल्याचं मराठीत. ठाण्या-पुण्याच्या समुपदेशकाला आपल्या मराठीतली गुजराती सरमिसळ चूक वाटली आणि त्याने नुसती भुवई उंचावली, तरी पडद्यावर ते दिसतं आणि माणूस मिटतो. त्याला जसं येतं तसं बोलू द्या.

आता एक कटू गोष्ट. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. पण ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला आज फारसं कुणी अडवत नाही. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी कायदा झाला, त्याची घडी अजून पुरती बसायची आहे. तोवर चार आठवड्यांचा कोर्स करून कुणीही मोबाइलवर दुकान थाटू शकतो, आणि झळ सोसते ती झोप उडालेली बाई. ज्यांना औषधाची गरज आहे, ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत, ज्यांना भास होतात, त्यांना केवळ आपल्या पडद्यावर धरून ठेवणं हा अपराध आहे. त्यांना डॉक्टरकडे पाठवा आणि ते खरोखर पोचले का, याचा पाठपुरावा करा.

म्हणून माझी या संमेलनाकडे मागणी आहे. पहिल्या भेटीचं मराठी संमतीपत्र आपण आजच तयार करू. त्यात आपलं शिक्षण आणि असेल तर नोंदणी क्रमांक, फी, गोपनीयता आणि तिच्या मर्यादा, आणीबाणीचा माणूस, ठरवलेलं वाक्य, आणि तक्रार कुठे करायची हे सगळं साध्या भाषेत असेल. मसुदा मी आणला आहे, दोन पानांचा. जेवणानंतरच्या सत्रात तो वाचला जाईल. पेन घेऊन बसा, पटणार नाही ते खोडा, राहिलं असेल ते लिहा. संध्याकाळी त्यावर आपल्या सह्या झाल्या की उद्या सकाळच्या पहिल्या क्लायंटपासून तो वापरायला घेऊ.