दोरीचं दुसरं टोक



मघाशी इथे, शाळेच्या व्यासपीठावरून बक्षीस घेऊन परत जाताना एका मुलीने ते आधी आजोबांच्या हातात दिलं. आजोबांनी चष्मा पुसला. मला माझे वडील आठवले.

ते बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलात, हवालदार होते. निवृत्तीनंतर इथेच, डोंबिवलीत, दोन खोल्यांत आमचा संसार होता. वाण्याकडच्या पुड्याची सुतळी ते कधी कापू देत नसत. गाठ सोडवायची, सुतळी बोटांवर गुंडाळायची आणि डब्यात ठेवायची. आम्हा भावंडांना तो चिक्कूपणा वाटायचा. ते म्हणत, "दोरीवर कुणाचा तरी जीव असतो." एका पावसाळ्यात, वीज गेलेल्या रात्री, त्यांनी या वाक्यामागची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट रामा राघोबा राणे यांची. जन्म १९१८, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. वडील पोलिसात. १९४० मध्ये ते सैन्यात गेले, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले. एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या युद्धात, नौशेराहून राजौरीला जाणारा रस्ता शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडं आडवी पाडून बंद केला होता. तो उघडायची कामगिरी सेकंड लेफ्टनंट राणे यांच्या तुकडीवर आली. ८ एप्रिलला उखळी तोफांच्या माऱ्यात दोन सॅपर गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते, तरी ते मागे फिरले नाहीत. पुढे सुरुंग लागले तेव्हा ते रणगाड्याखाली शिरले आणि दोरीने चालकाला इशारे देत, रांगत रांगत, त्यांनी रणगाडा सुखरूप पलीकडे नेला. ११ एप्रिलपर्यंत हेच काम चाललं. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत पोहोचलं.

मुलांनो, त्या युद्धासाठी पाच परमवीरचक्रं दिली गेली. त्यांतली तीन मरणोत्तर. जे दोघे हयात होते, त्यांतले एक राणे. आपण हुतात्म्यांपुढे मान झुकवतो आणि ते योग्यच आहे. पण जो परत येतो, त्याचं काय? राणे परत आले. लग्न झालं, संसार केला, मुलं वाढवली. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. पराक्रमाचे ते चार दिवस आणि त्यानंतरची शेहेचाळीस वर्षं! रोजचं घर नेटाने चालवणं यालाही धीर लागतो, हे मी माझ्या वडिलांकडे पाहून शिकलो. बोनस नाही, बढती नाही, तरी आमची फी कधी एक दिवस उशिरा गेली नाही. रणगाड्याखालच्या माणसाच्या हातात दोरीचं एक टोक असतं. दुसऱ्या टोकाशी जो असतो, तो त्या भरवशावर पुढे जातो. आम्ही दुसऱ्या टोकाला होतो. आज तुम्ही आहात.

राणे यांच्या गावाजवळ, कारवारच्या किनाऱ्यावर 'चपळ' ही निवृत्त युद्धनौका जतन केली आहे आणि जवळच राणे यांचा पुतळा आहे. आपल्या कल्याणच्या खाडीकाठी, दुर्गाडी किल्ल्यापाशीही, नौदलातून निवृत्त झालेली टी-८० नौका आणली गेली. नौका आपण जपतो. तशीच माणसंही जपूया.

तुमच्या सोसायटीत, बँकेच्या दारात, देवळाच्या कट्ट्यावर एखादे माजी सैनिक काका बसलेले असतात. उद्या त्यांच्याजवळ जा. नाव विचारा, पलटण विचारा, कुठे कुठे होते ते विचारा. मग शांतपणे ऐका आणि वहीत लिहून ठेवा. माझ्या वडिलांना पुष्कळ काही विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. आता विचारायला ते नाहीत. तुमच्याकडे अजून वेळ आहे.