घर सुटलं तरी सामान आपलंच



मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. पण पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या आपल्या मुलांचे फोन येत राहतात, म्हणून हा कायदा वाचला. फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं: "भाई, मालकाने कुलूप बदललं. लॅपटॉप, मार्कशीट, सगळं आत आहे."

पहिली गोष्ट. घराचा ताबा वेगळा आणि सामानाची मालकी वेगळी. भाडं थकलं, मुदत संपली, अगदी कोर्टाने घर खाली करायला सांगितलं, तरी तुमचे कपडे, पुस्तकं, भांडी मालकाची होत नाहीत. भाडं बाकी असेल तर त्याने डिपॉझिटमधून कापावं, उरलेल्यासाठी दावा लावावा. तुमचा लॅपटॉप स्वतःच विकून वसुली करता येत नाही.

दुसरी. कुलूप लावायचा अधिकारही त्याला स्वतःच्या मर्जीने नाही. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं असतं. १९८९ मध्ये कृष्ण राम महाले खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा राहण्याचा हक्क संपला असला तरी, कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढता येतं. मात्र हेही ऐका. मुदत संपल्यावर अडून बसलात, तर त्याच कलमाखाली दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

तिसरी. पैशाच्या वसुलीसाठी कोर्टाची जप्ती आली, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारं यांना हात लावू देत नाही. जे कोर्टालाही नेता येत नाही, ते मालक कसं नेणार?

आता करायचं काय? आत राहिलेल्या वस्तूंची यादी करा. मालकाला व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टाने पाठवा, सामान न्यायला येण्याची तारीख कळवा. आवाज चढवू नका, कुलूप तोडू नका. तरीही सामान दिलं नाही तर लेखी तक्रार द्या. पोलीस म्हणतील, "हे सिव्हिल मॅटर आहे." घराच्या ताब्याचा वाद सिव्हिल असेलही. पण सामान अप्रामाणिकपणे ठेवून घेतलं किंवा विकलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ किंवा ३१४ लागू शकतं. वस्तू परत मिळवण्यासाठी दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षं आहे. बेकायदा बाहेर काढल्याबद्दल ताब्याचा दावा मात्र सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० वर फोन करा. महिलांना ही मदत उत्पन्नाची अट न घालता मिळते.

शेवटचं. आपल्याला घर मुश्किलीने मिळतं, म्हणून मुलं ॲग्रीमेंटचा आग्रह धरत नाहीत. "मिळालंय ना, बस!" पण कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तो मागणं म्हणजे भांडण नव्हे. राहायला जाल त्या दिवशी खोलीचा आणि सामानाचा व्हिडिओ काढा, मूळ मार्कशीट गावी अम्मी-अब्बांकडे ठेवा.