हान दरबार आणि माळावरचे घोडेस्वार



कोणता राजा जिंकला हें आम्ही मास्तर मुलांकडून पाठ करून घेतों. त्या लढाईचा खर्च कोणी सोसला हें मात्र सांगत नाहीं. आज चीनच्या हान घराण्याची हकीकत त्या नजरेनें सांगतों.

घराण्याचा मूळ पुरुष लिऊ पांग हा शेतकऱ्याचा मुलगा. उत्तरेच्या गवताळ माळांवर श्युंगनू नांवाचे, घोड्यावर बसून गुरेंमेंढरें राखणारे लोक राहत. मोदू हा त्यांचा राजा. इ. स. पूर्व २०० मध्यें लिऊ पांग त्याच्यावर चालून गेला आणि पायतंगच्या डोंगरावर सात दिवस वेढ्यांत सांपडला. सुटल्यावर त्यानें तह केला : रेशीम, धान्य व दारू धाडावी आणि एक राजकन्या मोदूस द्यावी. राणी पोटची मुलगी देईना; तेव्हां दुसऱ्याच कोणाची मुलगी राजकन्या म्हणून रवाना केली. तह दरबाराचा, लेक परक्याची!

साठांवर वर्षांनीं वू सम्राटास ह्याची लाज वाटली. त्यानें दोस्ती जुळविण्यास चांग छ्येन यास युएची लोकांकडे धाडलें, कारण श्युंगनूंनीं त्यांस हुसकून लावलें होतें. चांग दहा वर्षें शत्रूच्या कैदेंत पडला. निसटून पोंचला, तों युएची नव्या मुलुखांत सुखी! सूड नको म्हणाले. (ह्यांच्यांतूनच पुढें आपल्याकडील कुशाण राजे निघाले.)

मग एकट्यानेंच लढाई. सेनापति वेई छिंग हा लहानपणीं मेंढरें राखणारा. कर्तबगार खरा, पण बहीण सम्राटाची राणी होती हेंही खरें. इ. स. पूर्व ११९ मध्यें १,४०,००० घोडे वाळवंटापलीकडे गेले. परत आले ते ३०,००० हून कमी. श्युंगनू हटले, पण खजिना रिता झाला. सरकारनें मीठ व लोखंड आपल्या ताब्यांत घेतलें. इ. स. पूर्व ८१ मध्यें दरबारांत ह्यावर वाद झाला, तेव्हां विद्वानांनीं गाऱ्हाणें मांडलें कीं, सरकारी विळ्यानें गवतही धड कापत नाहीं. गरीब माणूस लांकडानें जमीन उकरतो, हातानें तण उपटतो आणि अळणी खातो.

अखेर श्युंगनूंतच भाऊबंदकी माजली. त्यांतला हुहान्ये इ. स. पूर्व ५१ मध्यें सम्राटापुढें नमला. पण रेशीम आणि धान्य पुन्हां उत्तरेसच जाऊं लागलें! इ. स. पूर्व ३३ मध्यें त्यास वांग चाओजून ही जनानखान्यांतली बाई दिली. दोन वर्षांत तो वारला. तिनें माघारीं येण्याची परवानगी मागितली. तिथल्या रिवाजाप्रमाणें सावत्र मुलाची बायको होऊन रहा, असें दरबारानें कळविलें.