दिवे घाटाची वाट

(शताब्दी वर्षात दिंडी आळंदीला निघण्याच्या आदल्या रात्री गावच्या मंदिरात केलेले भाषण. जसे बोलले तसे उतरवून घेतले आहे.)



 आज कीर्तन नाही, त्यामुळं अभंग लावणार नाही. पंचांनी सांगितलं की महाराज, घाटाविषयी चार शब्द बोला. दिंडीचं शंभरावं वर्ष म्हणून नावं पुष्कळ आलीत, आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी दिवे घाट नुसता टीव्हीवर बघितलाय.

टीव्हीवर तो लई देखणा दिसतो. हिरवागार डोंगर, त्याला नागमोडी रस्ता आणि रस्ताभर पांढऱ्या टोप्या अन् भगव्या पताका. खोटं नाही ते. पण फोटो काढणारा वरच्या कड्यावर उभा असतो, चालणारा खाली असतो. आपल्याला चालायचंय.

आपण सोलापूरचे लोक. आपल्याला डोंगराची सवय नाही. आपली काळी जमीन, सपाट रान, नजर जाईल तिथवर ज्वारी नाहीतर ऊस. माळशिरसच्या पश्चिमेकडच्या लोकांना शिखर शिंगणापूरचा डोंगर तरी आहे. चैत्रात मुंगी घाटातून कावड वर कशी जाते हे ज्यांनी बघितलंय, त्यांना चढ म्हणजे काय ते सांगायला नको. हाताला हात धरून माणसांची साखळी करतात तिथं. बाकीच्यांना मात्र सांगावं लागतं.

आता वाट ऐका. पुण्यात दोन मुक्काम झाले की माउलींची पालखी सासवडला निघते. हा वारीतला लांब पल्ला, तीस किलोमीटरच्या वर चाल. आणि तो दिवस बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीचा, म्हणजे पोटात उपास. हडपसर सुटलं की पुढं वडकी. तिथं विसावा होतो आणि मग घाट लागतो. चार किलोमीटरच्या वर सलग चढ आहे. माउलींच्या रथाला रोजची बैलजोडी पुरत नाही, म्हणून जादा जोड्या लावतात. ज्यानं उसाची गाडी चढाला लावलीय त्याला कळेल, बैल तिथं कसे वाकतात. जिथं बैलाला जोड लागते तिथं माणसानं एकट्यानं जोर करू नये. दिंडीच्या तालात चालावं. टाळ चुकला तर चालेल, पण पाऊल मागंपुढं पळवू नये. धाप लागली तर भजन मोठ्यानं म्हणू नका, मनात म्हणा. विठोबा बहिरा नाही.

पायथ्याशी मस्तानी तलाव आहे, पेशवाईतला. पाऊस झाला असला तर घाटातून मागं वळून बघितलं की खाली पाणी चमकतं. बघा जरूर, पण रस्त्याच्या कडेला थांबून बघा. कठड्यावर चढून नव्हे. मोबाईल घेऊन कठड्यावर उभी राहणारी पोरं आम्ही दरसाल बघतो. मागून लाखो लोकांचा रेटा असतो, तो कुणाला ओळखत नाही.

आणि दुसरं, आडवाटा. घाटात वळणं तोडून वर जाणाऱ्या पायवाटा आहेत. गुराख्यांच्या असतील, जुन्या वारकऱ्यांच्या असतील. गर्दी झाली की लोक डोंगरभर पांगतात आणि या वाटांनी सरळ वर चढतात. पहिल्या पावसानंतर त्या वाटा फार गोड दिसतात. कोवळं गवत, मधून पाण्याच्या धारा. पण तो डोंगर काळ्या कातळाचा आहे, वर मुरूम-मातीचा पातळ थर. पावसानं तो थर सुटतो. आपल्या रानात पाय रुतला तर चिखल लागतो, तिथं घसरला तर माणूस खालच्या वळणावर येतो. आणि एकाच्या पायानं सुटलेला दगड खालच्या माउलीच्या डोक्यात जातो. म्हणून आपल्या दिंडीची शिस्त सांगून ठेवतो. घाटात कुणीही पताका आणि विणा यांच्यामधली जागा सोडायची नाही. आडवाटेनं जाऊन अर्धा तास आधी पोहोचलात तरी माउली सासवडलाच मुक्कामाला आहेत, पुढं कुठं जात नाहीत.

आता एक गोष्ट सांगतो, ही शेतकऱ्यानं ध्यानात घ्यावी. घाटाच्या माथ्यावर उभं राहिलात की तुम्ही पाण्याच्या वाटणीवर उभे असता. उत्तरेकडं पडलेला पाऊस मुळा-मुठेकडं उतरतो, तिथून भीमेला मिळतो आणि उजनीत येतो. दक्षिणेकडं पडलेला कऱ्हेला जातो. कऱ्हा सासवड-जेजुरीवरून जाऊन नीरेला मिळते, आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. म्हणजे थेंब इकडं पडो की तिकडं, वाटेत कुणी अडवला नाही तर दोन्ही थेंब पंढरीला चंद्रभागेतच येतात. आम्हाला हे कळलं तेव्हा फार नवल वाटलं. जे पाणी आपल्या उसाला येतं त्याच्या उगमाकडं आपण आळंदीला जातो, आणि मग पाण्याच्याच बरोबर उताराला लागून चालत घरी येतो.

पण म्हणून ते डोंगर पाण्यानं भरलेत असं समजू नका. माथ्यावर गेलं की पुरंदरचं पठार लागतं. तिकडं पाऊस आपल्यासारखाच रुसवा धरणारा. तिथल्या शेतकऱ्यानं म्हणून अंजीर आणि सीताफळ धरलं, कमी पाण्यात जमेल ते. हिरवं दिसतं ते दोन-तीन महिन्यांचं गवत. तेव्हा त्या गावांत आपण लाखांनी उतरतो तर पाणी जपून वापरा. तांब्याभर पाण्यात हातपाय धुता येतात, आपण दुष्काळी माणसं, आपल्याला का शिकवावं लागावं! आणि केळाची साल एकवेळ जिरेल, पण पाण्याची बाटली आणि राजगिऱ्याच्या वडीचा कागद तिथल्या गुरांच्या पोटात जातो. आपली रिकामी बाटली आपल्या पिशवीत.

पुढं जेजुरीनंतर दौंडजची खिंड आहे. तिथं न्याहारी होते, चढ थोडा आहे, त्याची काळजी नको. मग वाल्हे, नीरेचं स्नान, आणि धर्मपुरीला आपला सोलापूर जिल्हा लागला की सपाटीच. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर रोटी घाट आहे, पण ती वाट आपली नाही.

आता जे बोलायचं म्हणून पंचांनी उभं केलं ते. आषाढीला घाटाची आम्हाला फार चिंता नसते. त्या दिवशी वाहनं दुसऱ्या वाटेनं वळवतात आणि घाट वारकऱ्यांचा असतो. चिंता कार्तिकीची आहे. कार्तिक वद्यात आपली छोटी दिंडी पायी आळंदीला जाते तेव्हा घाट उतरायचा असतो आणि रस्ता चालू असतो. 19 नोव्हेंबर 2019 ला याच घाटात पंढरपूरहून आळंदीला निघालेल्या नामदेव महाराजांच्या दिंडीत ब्रेक निकामी झालेला जेसीबी घुसला. नामदेवरायांचे वंशज सोपान महाराज नामदास गेले, आणखी एक वारकरी गेला, कित्येक जखमी झाले. दिवसाउजेडी झालं ते. भजन म्हणत चाललेली माणसं होती. त्यांची काय चूक होती?

पालखी मार्गाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 ला झाली. दिवे घाट ते मोहोळ 221 किलोमीटर, आणि तुकोबांच्या वाटेचा पाटस ते तोंडले-बोंडले 130 किलोमीटर. दोन्हीला कडेनं चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठरली आहे. घाट रुंद करायचं कामही निघालंय. चांगली गोष्ट आहे. जुनी झाडं गेली त्याची हळहळ आहे, सिमेंट पायाला तापतं, तरी चांगलीच म्हणू. पण आमचं म्हणणं एवढंच की घाटात चालणाऱ्याची वाट आणि गाडीची वाट यांच्यामधे भक्कम कठडा पाहिजे. नुसता पांढरा पट्टा ओढून भागणार नाही. ब्रेक गेलेल्या गाडीला पट्टा दिसत नाही. दिंडी समाजानं ही मागणी लेखी द्यावी, आमची सही पहिली घ्या.

तोपर्यंत कार्तिकीला काय करायचं? गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात, घाट टाळा, सासवडहून गाडीनं पायथ्याला उतरा. काही म्हणतात, शंभर वर्षं चाललेली वाट मोडायची नाही. आमचं मत ऐका. विणा चालतच जाईल. विण्याबरोबर पंचवीस धडधाकट माणसं, दोनाच्या वर ओळ नाही, उजव्या अंगानं, समोरची गाडी दिसेल अशी. पुढं एक आणि मागं शंभर पावलांवर एक, लाल निशाण घेऊन, आणि त्या दोघांनी भजनात रमायचं नाही. त्यांचं भजन तेच. बाकीच्यांनी गाडीत बसावं. सूर्य उगवल्याशिवाय घाटात पाऊल टाकायचं नाही.

आषाढीलाही साठीच्या पुढच्या माउलींनी, गुडघेदुखीवाल्यांनी, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी घाटापुरतं ट्रकमधे बसायला लाजू नये. आमची आई सत्तरीनंतर बसत होती आणि माथ्यावर आमच्या आधी पोहोचून चहाचं पातेलं चढवत होती. वारी मोडली असं तिला कुणी म्हणालं नाही, म्हणायची कुणाची छाती पण नव्हती. 2020 आणि 2021 ला तर माउलींच्या पादुका एसटीनं गेल्या. देवानं सोसलं, आपण सोसू.

ज्यांना ट्रकात बसायचंय त्यांनी आत्ता, आरतीच्या आधी, विणेकरीबुवांकडं नाव सांगावं. औषधाची पिशवी सामानात टाकू नका, अंगाशी ठेवा. उपासाचे शेंगदाणे आणि गूळ दोन मुठी प्रत्येकाकडं पाहिजेत. चपला नव्या घेतल्या असतील तर उद्या घालू नका, जुन्याच घाला. पहाटे चारला ट्रक पारापाशी लागेल.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!